मुलगा झोपेत चालतो, काय करावे?

प्रश्न : माझा ९ वर्षांचा मुलगा रात्री झोपेतच उठून कडी काढतो, ओट्यावर जातो. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. शेजारी ‘बाहेरचं’ म्हणतात. शनिवारी राजगडावर जाणारे ट्रेकर आमच्याकडे उशिरा जेवायला येतात, तेव्हा तोही जागतो.
— एक वाचक, गुंजवणे

उत्तर : ही बाधा नव्हे, त्यामुळे अंगारे-धुपारे नकोत. झोप लागल्यावर पहिल्या एक-दोन तासांत, गाढ झोपेत मेंदू अर्धवट जागा होतो; शरीर चालते, भान नसते. मुलांमध्ये हे बऱ्यापैकी आढळते, अनेकदा आनुवंशिक असते आणि वयात येता येता बहुधा थांबते. जागरण आणि ताप यांनी ते वाढते. म्हणून शनिवारीही त्याला वेळेवर झोपवा.

तो उठला तर ओरडू नका, गदागदा हलवू नका; हात धरून अंथरुणावर न्या. कडी त्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच बसवा. विळा, कोयता उचलून ठेवा. रोज ठराविक वेळी उठत असेल, तर त्या वेळेच्या १५ मिनिटे आधी त्याला हलकेच जागे करा. काही आठवडे असे केल्यास फरक पडतो.

झटके येत असतील, झोपेत घोरत असेल किंवा इजा झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. त्याला रागावू मात्र नका. यात त्याचा काही दोष नाही.