खोडता न येणारी रेघ

कुंचला शाईत बुडवून टीपकागदावर एक रेघ ओढा आणि मध्येच क्षणभर थांबा. थांबलेल्या जागी शाई पसरून डाग मोठा होतो. हात भरभर चालवला, तर रेघेत कागदाचे पांढरे पट्टे राहतात. म्हणजे हाताचा वेग कागदावर नोंदला गेला! जपानमधील 'शोदो' ही सुलेखनकला ह्याच गोष्टीवर उभी आहे. तेथे रेघ पुन्हा गिरवत नाहीत आणि खोडतही नाहीत. हे कशामुळे घडते, ते आपण पाहू.

प्रथम शाई घेऊ. तिचे नाव 'सुमी'. तेलाच्या दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची काजळी हा तिचा मुख्य घटक. पण काजळी नुसत्या पाण्यात टाकली, तर ती भिजत नाही, वर तरंगते. म्हणून तीत सरस मिसळतात. जनावरांच्या कातड्यापासून काढलेला हा सरस काजळीच्या प्रत्येक कणाभोवती पातळ वेष्टन तयार करतो. मग कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाण्यात तरंगत राहतात. अशा मिश्रणाला 'कलिल' म्हणतात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) ह्यांनी ह्या शाईचा प्रयोगशाळेत अभ्यास केला होता.

नारा शहरातील कारागीर ही शाई थंडीच्या दिवसांत करतात, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. काजळी व सरस मळून साच्यात वड्या पाडतात आणि त्या राखेत पुरतात. पहिल्या दिवशी राख ओलसर असते. पुढे रोज ती अधिकाधिक कोरडी घेतात. बाहेरचा थर आधी वाळून आकसला, तर वडीला तडे जातील, हे त्यामागचे कारण. लिहिताना वडी दगडावर पाणी घालून उगाळतात.

आता कागद. 'कोझो' हे तुतीच्या कुळातील झाड. त्याच्या आतल्या सालीचे तंतू सुमारे १० मिलिमीटर लांब असतात, तर लाकडाच्या लगद्यातील तंतू १ ते ३ मिलिमीटरच असतात. तंतू पाण्यात तळाशी बसू नयेत, म्हणून भेंडीच्या जातभाई असलेल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस त्यात घालतात. अशा कागदावर शाई पडली, की केशाकर्षणाने पाणी तंतूंमधून दूरवर जाते, पण काजळीचे कण वाटेतच अडकतात. म्हणून काळ्या रेघेभोवती फिकट कडा उमटते. दोन रेघा छेदतात, तेथे बहुधा आधी ओढलेली रेघच वर दिसते, कारण तिच्या कणांनी तंतूंमधल्या जागा आधीच व्यापलेल्या असतात. मग दुरुस्ती कशी करणार?

कार्बन प्रकाशाने विटत नाही. नारा येथील शोसोइन भांडारात इ. स. ७०२ च्या जनगणनेचे कागद आजही वाचता येतात.

जुन्या साहित्याने नवी कलाही घडली. १९५२ मध्ये क्योटो येथे काही सुलेखनकारांनी 'बोकुजिनकाई' हा गट स्थापन केला. त्यांपैकी युइची इनोउए (१९१६–१९८५) हे शाळेत शिक्षक होते. ते मोठ्या कुंचल्याने कागदभर एकच अक्षर लिहीत. तोको शिनोदा (१९१३–२०२१) ह्यांनी अक्षर सोडून नुसत्या रेघांची चित्रे काढली. अक्षर न कळणाऱ्यालाही त्यांत हात कोठे थांबला, कोठे धावला, हे दिसते.

करून पाहा : मोठ्यांच्या देखरेखीखाली तेलाच्या दिव्यावर चिमट्याने धातूची बशी धरून काजळी जमवा. अर्ध्या काजळीत नुसते पाणी आणि उरलेल्या अर्ध्या काजळीत बाभळीच्या डिंकाचे पाणी घालून घोटा. आपल्याकडे पोथ्या लिहिण्यासाठी अशीच काजळी व डिंकाची शाई करीत. दोन्हींचा एकेक थेंब टीपकागदावर टाका. ओल कोठवर गेली आणि काळेपणा कोठे थांबला? डिंक कमी-अधिक करून पुन्हा पाहा. फरक का पडला, ह्याचे उत्तर वर्गात चर्चा करून शोधा.