काचेतून घरी आलेलं बाळ

"बाळ काचेत आहे," एवढंच फोनवर सांगून बाप गप्प होतो. पलीकडून गावाकडची आजी विचारते, "पोऱ्या इतला बारीक काबर शे?" जळगाव असो की धुळं, नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्याच बाकावर कुणीतरी हमखास म्हणतं, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. आईबाबा, हे आधी मनातून काढून टाका. पोटात काढलेला एकेक आठवडा फुप्फुसाला आणि मेंदूला बळ देतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यापेक्षा जास्त तयार होऊनच येतं.

वजनाचा आकडा मात्र एकटा फसवतो. शेजारशेजारच्या दोन पेट्या डोळ्यांपुढे आणा. दोन्हींवर लिहिलंय १४०० ग्रॅम. एक बाळ ३० आठवड्यांचं आहे, त्याच्या वयाला हे वजन साजेसंच आहे. दुसरं ३४ आठवड्यांचं. त्याचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास असायला हवं होतं. पहिलं नुसतं लवकर आलं. दुसरं लवकरही आलं आणि पोटातही अर्धपोटी राहिलं. ते नीट पाहिलं तर ओळखू येतं. अंगाच्या मानाने डोकं मोठं, मांडीवरची कातडी सैल, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा सुरकुतलेला. वारेतून रक्त कमी येऊ लागलं की बाळ जे मिळेल ते आधी मेंदूकडे वळवतं आणि बाकीच्या अंगाची उपासमार होते. म्हणून जन्मल्यावर त्याची साखर चटकन उतरते, अंग गार पडतं, दूध पचायला वेळ लागतो, आतड्याला सूज येण्याची भीती असते. डॉक्टर थेंबाथेंबाने दूध वाढवतात ते याचसाठी. "लेकराला उपाशी का ठेवता?" म्हणून सिस्टरवर रागावू नका. त्यापेक्षा डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: आमचं बाळ नुसतं लवकरचं आहे, की त्याची वाढही पोटात खुंटली होती? पुढची सगळी काळजी या उत्तरावर ठरते.

आई हळूच विचारते, "माझ्याच हातून काही चुकलं का?" ताई, बहुतेक वेळा वारच नीट रुजलेली नसते, नाहीतर रक्तदाब चढलेला असतो. तुमच्या वजन उचलण्याने किंवा ग्रहणात काही चिरण्याने हे होत नाही. रक्त कमी असणं, मशेरी-तंबाखू, अठराच्या आत लग्न, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, भरल्या दिवसांत कपाशी वेचायला जाणं, यांचा वाटा असतो. पण यातलं कोणतं कारण एकट्या बाईच्या हातात होतं, सांगा बरं? घरातल्या मोठ्यांनी हे ऐकावं आणि सुनेला बोल लावणं थांबवावं. तिचं दूध हेच बाळाचं सगळ्यात मोठं औषध आहे.

दुसरं औषध म्हणजे तुमची छाती. डिसेंबरातली एक रात्र आठवते. बाहेर खानदेशातली हाडं गोठवणारी थंडी. साक्रीकडचा एक तरुण शेतमजूर शर्टाची बटणं सोडून खुर्चीत रेलून बसला होता. छातीवर दीड किलोची लेक, डोक्याला टोपरं, पायात मोजे, वरून बायकोची शाल. "मी श्वास घेतला की तीही घेते," तो कुजबुजत म्हणाला. कांगारू पद्धत ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर तिचा अभ्यास केला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं तर मृत्यू साधारण पाव हिश्शाने कमी होतात, असं त्यात दिसलं. फायदा इतका उघड होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला गेला. २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी आल्यावरही हे चालू ठेवा. आई थकली तर बाबा, बाबा कामावर गेले तर आजी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवायची गरज नाही, तिचा धूर बाळाला सोसवत नाही. मध, गुटी, काजळ, सगळं दूर ठेवा. ओढून पिता येत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने पाजा. बाटली नको.

दवाखान्यातून सुट्टी झाली की पेढे वाटले जातात. वाटा, तुम्ही ते कमावलेले आहेत. पण खरं जपणं इथून सुरू होतं, आणि नेमकी इथेच साखळी तुटते.

सगळ्यात आधी डोळे. बाळ २ किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल तर महिन्याच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फार लहान बाळांची त्याहूनही आधी. डोळा वरून स्वच्छ दिसतो, तरी आतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेवर सापडलं तर लेसरने नाहीतर इंजेक्शनने दृष्टी वाचते. एका आईची या तपासणीची तारीख कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत हुकली. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा ती म्हणाली, "ते माझ्याकडे बघतच नाही." तोवर करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. त्या बाईचा चेहरा माझ्या मनातून जात नाही. कानांची तपासणीही तितकीच गरजेची.

मग वय मोजायची रीत. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याची प्रगती चार महिन्यांच्या बाळासारखी बघायची. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवा, म्हणजे जावेच्या बाळाशी तुलना करून रडणं होणार नाही. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितले तितके महिने द्यायचे.

आणि बाळसं! आजीला नातवाने भरभर बाळसं धरावं असं वाटतं, ते मायेपोटीच. सुरुवातीला दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ पुष्कळ झाली. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेर वाढतोय ना, ते बघा. साखर घातलेलं दूध, बिस्किटं, डब्यातली पावडर देऊन फुगवलेलं बाळ पुढे मधुमेह आणि रक्तदाबाच्या वाटेला लागू शकतं. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय.

शाळेचंही आत्ताच सांगून ठेवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या नवजात कक्षातून १९८७ ते १९८९ दरम्यान घरी गेलेल्या, २ किलोहून कमी वजनाच्या मुलांच्या मागावर डॉ. सुधा चौधरी आणि त्यांचे सहकारी मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत राहिले. आपल्या मराठी मुलुखातलं हे मोठं काम आहे. बाराव्या वर्षी या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेतच होती, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा थोडी कमी. लवकरही आलेली आणि खुंटलेलीही, अशी मुलं त्यांत सर्वांत मागे. वाचन, गणित, हाताचं बारीक काम इथे ती अडखळत होती. घाबरवायला हे सांगत नाही. तिसरी-चौथीत पोरगा पाढ्यांत अडकला तर "आळशी आहे" म्हणून त्याला मारलं जातं, म्हणून सांगते. त्याला मार नको, वेळेवर तपासणी आणि शिकवणारं धीराचं माणूस हवं. शिकलेल्या आईच्या हाताखाली ही मुलं अधिक चांगली सावरतात, असं मी पाहिलंय. म्हणून लेकींना शाळेतून काढू नका, हेही ओघात सांगते.

पैशांची काळजी असेल तर लक्षात ठेवा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी तान्ह्या बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार आणि ने-आण वर्षभर मोफत आहे. आशाताई घरी येते तेव्हा दार लोटून घेऊ नका. बाळ गार लागलं, दूध ओढेनासं झालं, श्वास धापेचा झाला, तर सकाळची वाट न पाहता निघा.

शेवटी एकच मागणं. सुट्टीच्या वेळी मिळालेलं ते कार्ड. जन्माचे आठवडे, जन्मवजन, काचेत काढलेले दिवस, सगळं त्यावर आहे. तुमचं मूल चाळीस वर्षांचं होऊन साखर तपासायला जाईल, तेव्हाही डॉक्टरला त्याचा उपयोग होईल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. आणि त्यावर पुढची तारीख कोणती लिहिलीय, ते आज रात्रीच बघा.