मद्यार्क : त्याचे गुण व उपयोग

प्रयोगशाळेंतील स्पिरिटच्या दिव्यांत जो द्रव जळतो, त्यांतील मुख्य पदार्थ मद्यार्क अथवा एथिल अल्कोहोल होय. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे दोन, हायड्रोजनाचे सहा व प्राणवायूचा एक असे अणु असतात.

गुण : हा द्रव वर्णहीन असून त्यास विशिष्ट वास असतो. पाणी १०० अंशांवर उकळतें, हा ७८ अंशांवरच उकळतो. गोठण्यास मात्र त्यास शून्याखालीं ११४ अंशांपर्यंत निववावें लागतें. पारा शून्याखालीं ३९ अंशांवरच गोठतो. म्हणून अतिशीत प्रदेशांतील उष्णतामापकांत रंगीत मद्यार्क भरतात.

ज्वलन : त्याची ज्योत निळसर असते व काजळी धरीत नाहीं, म्हणून परीक्षानळी काळी होत नाहीं. परंतु हाच गुण घातकही आहे. भर उजेडांत ही ज्योत दिसतच नाहीं, आणि शुद्ध मद्यार्काची वाफ सुमारें १३ अंशांवरही पेट घेते. मग आपल्या लोह्याच्या उन्हाळ्याची गोष्ट काय सांगावी! यास्तव दिवा विझून थंड झाल्यावांचून त्यांत स्पिरिट ओतूं नये.

उत्पत्ति व उपयोग : साखर कारखान्यांत उरलेली मळी यीस्टच्या योगें आंबवून तिचें ऊर्ध्वपातन केलें म्हणजे मद्यार्क मिळतो; धान्यापासूनही तो करतात. टिंक्चर, व्हार्निश व अत्तरें यांत तो लागतो. सन २०२० च्या महामारींत हात निर्जंतुक करण्यास तो घरोघरीं गेला. सन २००१ मध्यें मिरज व मनमाड येथें तो पेट्रोलांत मिसळण्याचा प्रयोग झाला. सन २०२५ पर्यंत देशांत हें प्रमाण शेंकडा २० वर पोंचलें. मराठवाड्याच्या उसास असें नवें मोल आलें.

इशारा : मेथिल अल्कोहोल हें याचेंच भावंड. रूपानें व वासानें दोन्ही जवळजवळ सारखींच. परंतु तें पोटांत गेल्यास त्याचें फॉर्मिक अम्ल बनून प्रथम दृष्टि जाते, पुढें प्राणही जातो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत अशी विषारी दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक मोलमजुरी करणारीं होतीं. कारखान्यांतील स्पिरिट पिण्याजोगें राहूं नये म्हणून त्यांत बहुधा हेंच विष मुद्दाम मिसळलेलें असतें. म्हणून प्रयोगशाळेंतील कोणताही द्रव चाखून पाहूं नये.

विद्यार्थीमित्रहो, दिव्यांत जो प्रकाश देतो तोच प्याल्यांत घर जाळतो. पदार्थाचा धर्म ओळखणें हें विज्ञान. त्याचा योग्य उपयोग करणें हा विवेक. दोन्हींची शिकवण शाळेंतच मिळावयास हवी.