भंगारांतील मोटारीपासून पवनजनित्र

कोंकणांतील व घाटमाथ्यावरील पुष्कळ शेतकऱ्यांचीं माणसें गिरगांव, परळ, लालबाग, दादर या भागांत चाळींतून राहतात, आणि त्या निमित्तानें मुंबईस येणें-जाणें असतें. परत जातांना येथील भंगार बाजारांतून एखादी मोटर न्यावी, तीस पातीं लावावीं आणि शेतावरील खोपींत वाऱ्याच्या विजेवर दिवा लावावा, असा विचार अनेकांच्या मनांत येतो. विचार वेडगळ नव्हे. आफ्रिकेंतील मलावी देशांत विल्यम कामक्वांबा नांवाच्या शेतकऱ्याच्या मुलानें, सन २००२ च्या सुमारास, दुष्काळामुळें शाळा सुटली असतां, ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा व सायकलचाच डायनामो एवढ्या भांडवलावर घरांत दिवे लावले. मात्र डायनामो वीज उत्पन्न करण्यासाठींच घडविलेला असतो, मोटर तशी नसते. यास्तव कोणती मोटर घ्यावी, हाच या कामांतील पहिला प्रश्न होय. आणि पैसे बुडण्याची जागाही तीच.

ज्या मोटारींत कायमचे लोहचुंबक असतात तीच आपल्या उपयोगाची. छताच्या साध्या पंख्याच्या मोटारींत चुंबक नसतात. गिरणगांवांत ज्या मोठ्या मोटारी चालत, त्या बहुधा इंडक्शन जातीच्या; त्यांतही चुंबक नाहीं. मिक्सरची मोटर निरुपयोगी. मोटारगाडीचा आल्टरनेटर पुष्कळांस मोह पाडतो, परंतु तो मिनिटास हजारावर फेरे मागतो आणि चुंबकत्व निर्माण करण्यासाठीं प्रथम आपल्याच बॅटरीची वीज खातो. उपयोगी पडते ती घरांत चालण्याचा व्यायाम करण्याच्या यंत्रांतील, म्हणजे ट्रेडमिलमधील, एकदिश प्रवाहाची मोटर. हीं यंत्रें हौसेनें घेतलीं जातात आणि थोड्याच दिवसांत कपडे वाळत घालण्याच्या कामीं येतात, त्यामुळें त्यांच्या मोटारी भंगारांत बऱ्या स्थितींत मिळतात.

आतां हिशेब पाहूं. माझा सारा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला; आकडा जुळल्यावांचून कागद पुढें सरकत नसे, आणि येथेंही तोच नियम लावणें बरें. पांच फूट, म्हणजे दीड मीटर, व्यासाचें तीन पात्यांचें चक्र धरा. सेकंदास ५ मीटर वेगाच्या वाऱ्यांत पात्याचें टोक वाऱ्याच्या सुमारें पांचपट वेगानें, म्हणजे सेकंदास २५ मीटर, धांवतें. चक्राचा परीघ ४.७ मीटर, म्हणून मिनिटास सुमारें ३२० फेरे झाले. मोटारीच्या पाटीवर १८० व्होल्ट व ४,००० फेरे असें लिहिलें असेल, तर एका व्होल्टास सुमारें २२ फेरे लागतात, आणि ३२० फेऱ्यांस १४ व्होल्टांहून थोडे अधिक मिळतात. बारा व्होल्टांची बॅटरी भरूं लागण्यास हें पुरेसें आहे. उलट पाटीवर २४ व्होल्ट व ३,००० फेरे असतील, तर एका व्होल्टास १२५ फेरे लागतील आणि त्याच वाऱ्यांत अडीच व्होल्टच पदरांत पडतील. अशी मोटर कितीही नवी आणि स्वस्त असो, ती घेऊं नये. पाटीवरील व्होल्टांनीं फेऱ्यांस भागावें. भागाकार २५ च्या आंत आला तरच पुढें बोलणें करावें.

चोरबाजारांत पाटी पुष्कळदां झिजलेली असते. तेव्हां एक सोपी परीक्षा आहे. मोटारीचा दांडा हातानें फिरवून पाहावा, मग तिच्या दोन्ही तारांचीं टोकें एकमेकांस जोडून पुन्हां फिरवावा. दुसऱ्या वेळीं दांडा स्पष्टपणें जड लागला तर चुंबक शाबूत आहेत व गुंडाळीही तुटलेली नाहीं. दोन्ही वेळां सारखाच हलका लागला तर मोटर जागेवर ठेवून नमस्कार करावा. लॅमिंग्टन रस्त्यावर व्होल्ट मोजण्याचा लहान मीटर मिळतो. तो आधींच विकत घेऊन खिशांत ठेवल्यास आणखी चांगलें.

वाऱ्यापासून किती मिळेल, याविषयीं मोठ्या आशा ठेवूं नयेत. वाऱ्याची शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते: वेग दुप्पट झाला कीं शक्ति आठपट. वरील चक्रावर सेकंदास ४ मीटर वेगाच्या वाऱ्यांत सुमारें ६८ वॅट शक्ति येऊन पडते, ६ मीटरच्या वाऱ्यांत २२९. अत्युत्तम चक्रासही यांतील ५९ टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं, हें जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनीं दाखविलें आहे. आपल्या घरगुती यंत्रास पांचवा हिस्सा मिळाला तरी समाधान मानावें, म्हणजे अनुक्रमें १४ व ४६ वॅट. यावर दोन-चार दिवे लागतील, मोबाईल भरेल, रानडुकरांसाठीं घातलेल्या कुंपणाचें बारा व्होल्टी यंत्र चालेल. पांच अश्वशक्तीचा पंप ३,७०० वॅटांहून अधिक मागतो. त्याचें नांवही काढूं नये.

घनाचा हाच नियम जागेसही लागू आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या वाऱ्याचा वेग पाहूनच. शंभर मीटरांच्या आंत जें झाड वा घर असेल त्याहून चक्र १० मीटर उंच असावें. चाळीच्या गच्चीवर हें यंत्र बसवूं का, असें शहरांतील नातलग हमखास विचारतात. त्यांस नको म्हणून सांगावें. इमारतींमधून येणारा वारा भोंवरे खात येतो, यंत्राचा थरकांप जुन्या लांकडी तुळयांत उतरतो, आणि पातें सुटलें तर खालीं माणसांची वर्दळ आहे.

पातीं सहा इंची जाड पी.व्ही.सी. नळाचीं कापावीं. तिन्ही एकाच नमुन्यावरून कापून वजनानें अगदीं सारखीं करावीं, नाहींतर मोटारीचे बेअरिंग लवकर जातील.

खरें जपावें लागतें तें वादळांत. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळाच्या वेळीं कुलाब्यास ताशीं ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. म्हणजे सेकंदास सुमारें ३२ मीटर. आपल्या ५ मीटरच्या वाऱ्याच्या सहापटींहून अधिक वेग, आणि शक्ति अडीचशेंपट. तेवढी शक्ति अंगावर घेईल असें यंत्र घरीं बनत नाहीं, म्हणून तें तोंड फिरविणारें असावें लागतें. चक्राचा आंस खांबाच्या मध्यावर न ठेवतां चार-पांच अंगुळें बाजूस ठेवतात आणि शेपूट तिरप्या बिजागरीवर टांगतात. वारा साधारण असेल तोंवर शेपूट आपल्या वजनानें सरळ राहून चक्रास वाऱ्यासमोर धरतें. वारा माजला कीं चक्र एका बाजूस ढकललें जातें, शेपूट बिजागरीवर वर उचललें जातें, आणि चक्राची कड वाऱ्याकडे येते. झोत ओसरला कीं शेपूट पुन्हां खालीं बसतें. स्कॉटलंडमधील ह्यू पिगट यांनीं हीच रीत घरगुती यंत्रांसाठीं पुष्कळ प्रचारांत आणली. शेपटाचें वजन कमी-अधिक करून ही जुळणी पावसाळ्यापूर्वींच साधावी. खांबही बुडाशीं बिजागरी घालून ताणांवर उभा करावा, म्हणजे चक्रीवादळाची सूचना येतांच आडवा करतां येईल.

विजेच्या बाजूस तीन गोष्टी अवश्य आहेत. मोटर व बॅटरी यांमध्यें डायोड घालावा, नाहींतर वारा पडतांच बॅटरीच मोटर फिरवूं लागेल. बॅटरीजवळ फ्यूज असावा. आणि बॅटरी भरल्यावर उरलेली वीज तापतारेंत जाळणारा नियंत्रक हवा. सौर पाट्यांसाठीं मिळणारा साधा नियंत्रक बॅटरी भरली कीं जोडणी तोडतो. सौर पाटीस त्यानें अपाय नाहीं, परंतु पवनचक्राचें ओझें एकाएकीं निघून तें बेफाम फिरूं लागतें. चक्र थांबविणें झाल्यास वारा मंद असतांना प्रथम बॅटरीची जोडणी काढावी व लागलीच मोटारीच्या दोन्ही तारा एकत्र जोडाव्या.

मग सौर पाटीच कां घेऊं नये, असें कोणी म्हणेल. माघ ते वैशाख या काळांत तीच स्वस्त व बिनकटकटीची आहे, हें मान्य. परंतु आषाढ-श्रावणांत घाटमाथ्यावर व किनाऱ्यावर सूर्य दिवसेंदिवस दिसत नाहीं आणि वारा तर रात्रंदिवस वाहतो. ज्याच्याकडे पाटी आहे त्यानें तिच्या जोडीला हें यंत्र उभारावें. आश्विनांत तें बहुधा स्वस्थ उभें राहील.

तार घेतांना काटकसर करूं नये. लोहार चाळींत अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार सहज मिळते. पण खांबापासून खोप ६० मीटर दूर असेल आणि ४ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर जाण्यायेण्याच्या तारेंतच सुमारें साडेतीन व्होल्ट खर्च होतात. तेव्हां तार जाड घ्यावी आणि खोप खांबाजवळ नेतां येत नसेल, तर बॅटरी तरी खांबाच्या बुडाशीं, पाऊस लागणार नाहीं पण हवा खेळेल अशा पेटींत ठेवावी.