पेंढ्याचे अंथरूण



‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण लहानपणीच शिकतो, तिचा अर्थ जमाखर्चाकडे लावतो आणि वहीत उतरवून विसरून जातो. परंतु अंथरूण म्हणजे काय, ते कशासाठी घालावयाचे, आणि थंडीच्या रात्री पांघरुणाहूनही ते अधिक महत्त्वाचे का ठरते, याचा विचार आपणांपैकी फार थोड्यांनी केला असेल. आम्हीही तो केला नव्हता. तो आम्हांस एका रात्रीने शिकविला. ती हकीकत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही काही मुलांना घेऊन एका डोंगराच्या पायथ्याशी दोन रात्रींच्या मुक्कामास गेलो होतो. निजावयास एका पडक्या धर्मशाळेची फरसबंद ओटी मिळाली. प्रत्येकाजवळ एक सतरंजी व एक पांघरूण होते. मध्यरात्र उलटल्यावर सर्वांत लहान मुलगा कुडकुडू लागला. आम्ही त्याच्या अंगावर आपले पांघरूण घातले, मग आणखी एक घातले. तरी त्याचे दात वाजावयाचे थांबेनात. इतक्यात शेजारच्या वावराचा म्हातारा राखणदार कंदील घेऊन आला. मुलाकडे पाहून तो म्हणाला, “मास्तर, वरून किती घालाल? पोराला खालून गारठा लागतोय.” त्याने खळ्यावरून पेंढ्याचे चार भारे आणले, ते सोडून हातभर उंच पसरले, वर सतरंजी घातली आणि मुलाला त्यावर निजविले. अर्ध्या घटकेत मुलगा शांत झोपला. आम्ही पदवीधर शिक्षक. उष्णतेचे प्रकरण वर्गात कितीदा तरी शिकविलेले! पण फळ्यावरचे ज्ञान त्या रात्री आम्हांस आठवले नाही, आणि ज्याने शाळा पाहिली नव्हती त्याला ते हाताने येत होते. ती चूक आमची होती, आणि ती आपल्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

उष्णता कशी जाते

राखणदाराचे म्हणणे खरे. फक्त शास्त्राच्या भाषेत ते किंचित फिरवून मांडावे लागते. गारठा जमिनीतून अंगात शिरत नाही. अंगातील उष्णता जमिनीत जाते. निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश असते, आणि थंडीच्या पहाटे जमीन त्याहून पुष्कळच थंड असते. उष्ण वस्तू थंड वस्तूस टेकली की तिची उष्णता दुसरीकडे वाहू लागते. यास उष्णतेचे वहन म्हणतात. जमीन एवढी मोठी आहे की रात्रभर आपली उष्णता घेऊनही ती ऊन होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग खाली जाड घोंगडी अंथरली म्हणजे झाले. येथेच खरी मेख आहे. लोकर, कापूस, पेंढा हे पदार्थ ऊब धरतात त्यांचे मुख्य कारण त्यांच्या तंतूंमध्ये कोंडलेली हवा होय. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. अंगावरचे पांघरूण हलके फुगलेले राहते, म्हणून त्यातील हवा टिकते. अंगाखालचे मात्र आपल्या भाराने दबते, त्यातील हवा निघून जाते, आणि चार पदरी घोंगडीही पापुद्र्यासारखी पातळ होते. यास्तव अंगाखाली असा पदार्थ हवा की जो दबूनही पुरता चपटा होत नाही. भाताच्या पेंढ्याची काडी आतून पोकळ असते. ती वाकते, पण आपल्या पोटातील हवा सहजी सोडीत नाही.

पेंढा स्वतः मात्र उष्ण नसतो. तो उष्णता देत नाही, केवळ तिची वाट अडवितो. याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. पेंढ्याच्या आढीत आंबे घातले की त्यांची ऊब कोंडून राहते व ते पिकतात. आणि तोच पेंढा किंवा लाकडाचा भुसा बर्फाभोवती घातला, तर बर्फ लवकर वितळत नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन शहरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांचा उष्ण समुद्रप्रवास करून कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील बराचसा बर्फ शाबूत होता. कोरड्या पदार्थांच्या थरांची ही करामत. आत ऊब असेल तर ती बाहेर जाऊ द्यावयाची नाही, आत गारवा असेल तर ऊब आत येऊ द्यावयाची नाही, एवढेच त्याचे काम.

ही विद्या किती जुनी

मनुष्यजातीस ही गोष्ट फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू येथील गुहेत सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीची गवताची अंथरुणे सापडली, हे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांवर ज्या झाडाची पाने पसरलेली आढळली, त्यांच्या अंगी किडे दूर ठेवण्याचा गुण आहे. पुढे २०२० साली त्याच देशातील बॉर्डर केव्ह या गुहेतील सुमारे दोन लक्ष वर्षांपूर्वीच्या अंथरुणाचे वृत्त आले. तेथे गवताखाली राखेचा थर होता. राखेतून किड्यांस चालणे कठीण जाते. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली जो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा मनुष्यदेह सापडला, त्याच्या पादत्राणांत सुकलेले गवत भरलेले होते. तात्पर्य, ज्यांस लिहिता येत नव्हते त्यांसही कोरड्या गवताचा गुण कळला होता.

आपल्या वटार गावी तर हे धन दाराशीच आहे. दिवाळीच्या सुमारास भात कापून झोडले की पेंढा उरतो. बागेत केळीची सुकी पाने मिळतात, माडाच्या झावळ्या व सोडणे मिळतात. नाताळात गव्हाणीचा देखावा मांडताना आपली मुले बाळ येशूसाठी पेंढाच अंथरतात. तो पेंढा गरिबीची खूण म्हणून आपण पाहतो. पण थंडीच्या रात्री जमिनीवर निजावयाचे झाल्यास त्याहून सुज्ञ अंथरूण शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे थंडी कोठे?

असा प्रश्न पालक विचारतील. समुद्र जवळ असल्याने आपला हिवाळा सौम्य असतो, हे खरे. तथापि खाडीपलीकडे सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी उष्णतामान ७.४ अंशांपर्यंत उतरले होते. शिवाय माणसास गारठून टाकावयास बर्फ लागत नाही. वारा, ओले कपडे आणि रिकामे पोट ही तिन्ही एकत्र आली म्हणजे पुरे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याचे काही तरुण हरिश्चंद्रगडावर धुक्यात व पावसात वाट चुकले, आणि त्यांतील एकास थंडीने प्राण गमवावे लागले. महिना पावसाळ्याचा होता, हिवाळ्याचा नव्हे. आज आपली मुले सुट्टी लागली की गडांवर जातात. त्यांस जाण्यापासून अडवू नये. पण काही ज्ञान देऊन पाठवावे.

शरीराचे उष्णतामान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. प्रथम जोराची हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, हात काम करीनासे होतात, बुद्धी मंदावते. त्यापुढे हुडहुडी थांबते. अज्ञान माणसास वाटते की आता बरे वाटत आहे. वस्तुतः तीच सर्वांत घोर अवस्था होय. अशा माणसाचे ओले कपडे काढून कोरडे घालावेत, त्याच्या खाली व वर जाड थर द्यावेत, शुद्धीवर असल्यास व गिळता येत असल्यास गोड ऊन पेय पाजावे, आणि वैद्यकीय मदत त्वरित आणावी. दारू देऊ नये. तिने ऊब वाटते, पण अंगातील उष्णता उलट बाहेर जाते. हातपाय जोराने चोळू नयेत.

अंथरूण कसे रचावे

प्रथम जागा. थंड हवा जड असल्याने ती रात्री खोलगट भागात साचते. म्हणून ओढ्याच्या पात्रात किंवा दरीच्या तळाशी निजू नये. अगदी माथ्यावरही नको, तेथे वारा झोडपतो. उताराच्या मधोमध, वाऱ्याच्या आड, थोडी उंच व कोरडी जागा उत्तम. वर झाडाची छाया असल्यास दवापासून रक्षण होते. मात्र त्या झाडास वाळलेली, मोडकी फांदी नसावी.

दुसरी गोष्ट चौकट. माणसाच्या उंचीहून थोडे लांब असे दोन ओंडके किंवा बांबू दोन्ही बाजूंस ठेवावेत व डोक्यापायथ्याशी दगड लावावेत. चौकट नसेल तर पहाटेपर्यंत सारे गवत दोहों बाजूंस सरकते आणि आपण पुन्हा जमिनीवर येतो.

तिसरी गोष्ट थर. सर्वांत खाली कोरड्या काटक्या घालाव्यात, म्हणजे ओल वर चढत नाही. त्यावर गळलेली सुकी पाने, आणि त्यावर पेंढा किंवा मऊ गवत घालावे. एक थर उभा तर दुसरा आडवा ठेवावा. तेणेकरून काड्या एकमेकींत अडकून राहतात. रचलेला ढीग निदान हातभर उंच हवा. निजल्यावर तो दबून आठ बोटे उरला पाहिजे. जमिनीचा कठीणपणा कोपरास लागला, तर आणखी गवत आणावे. आळस येथे महाग पडतो. वर गोणपाट, सतरंजी किंवा चादर घालावी.

चौथी गोष्ट कोरडेपणा. ओले गवत निरुपयोगी, कारण हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. बुरशी आलेला पेंढाही घेऊ नये. त्याची धूळ छातीस बाधते. दिवसा अंथरूण उन्हात उपसून पुन्हा फुगवावे.

पाचवी गोष्ट स्वतःचे शरीर. निजण्यापूर्वी काही खावे, ओले कपडे बदलावेत, डोके व कान झाकावेत. पांघरूण कमी असेल तर दोघांनी जवळ निजावे.

सावधगिरी

पाने-गवत गोळा करताना हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. पाचोळ्यात व दगडांखाली विंचू आणि फुरसे लपलेले असतात. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. त्यांची लव पानांत मिसळली तर रात्रभर अंग खाजवीत बसावे लागेल. कुसळाचे गवतही टाळावे. शेकोटी अंथरुणापासून पुष्कळ दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी. पेंढा ठिणगीची वाटच पाहत असतो. आणि बंद खोलीत पेटती शेगडी घेऊन कधीही निजू नये. कोळशाच्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेला मनुष्य त्याने जागा होत नाही.

हिरव्या फांद्या तोडू नयेत. तुंगारेश्वरचे रान २००३ सालापासून अभयारण्य आहे. तेथील पालापाचोळाही रानाचाच. सरावासाठी आपले अंगण व आपलाच पेंढा पुरेसा आहे. रानात वाट चुकून जिवावर बेतले, तेव्हाची गोष्ट निराळी.

घरी करून पाहा

सारख्या मापाच्या दोन बाटल्यांत सारखेच ऊन पाणी भरा. एक बाटली उघड्या फरशीवर आडवी ठेवा, दुसरी हातभर पेंढ्यावर. दोहोंवर सारखेच फडके पांघरा. दर पाव तासाने उष्णतामापकाने पाणी पाहा व आकडे वहीत मांडा. मग तिसरी बाटली ओल्या पेंढ्यावर ठेवून तोच प्रयोग करा. पुस्तकातील वाक्य पाठ करण्याहून ही तीन ओळींची नोंद आपणांस अधिक शिकवील.

पालकांसही एक विनंती आहे. पुष्कळ घरांत आता गुळगुळीत फरशी आली आहे आणि घरातील म्हातारी माणसे कधीकधी एका पातळ चटईवर निजतात. त्यांस थंडी वाजते तेव्हा आपण वरून आणखी एक चादर घालतो. आज रात्री त्यांच्या अंगाखाली हात घालून पाहावा. वरून किती घातले याचा हिशेब पुष्कळ झाला; खाली काय आहे, हेही एकदा पाहू या.