तालुक्याच्या गावात चित्रप्रदर्शन : भिंत भाड्याची, चित्र कलाकाराचं, मग हिशोब कुणाचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या गावातल्या कलादालनाबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून सगळा हिशोब इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिले, ज्यांच्याकडे एखादा हॉल, जुना वाडा किंवा दुकानावरचा माळा आहे आणि तिथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं भरवायची इच्छा आहे. दुसरे, स्वतः चित्रकार. जी.डी. आर्ट झालेले, शाळेत चित्रकला शिकवणारे, नाहीतर नोकरी सांभाळून रात्री रंगवणारे. दोघांनीही पूर्ण लेख वाचा. एकाला दुसऱ्याचा हिशोब कळला नाही, तर दुसरं प्रदर्शन होतच नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू

"आमच्या गावात कोण चित्र बघायला येणार?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आता हे बघा.

सातारा जिल्ह्यातलं औंध हे लहानसं गाव. तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली तिथे श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्यांची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प बघायला लोक आजही वाट वाकडी करून औंधला जातात.

तुम्ही म्हणाल, ते राजे होते. बरं, मग कुडाळजवळचं पिंगुळी घ्या. तिथे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, सगळं तिथे आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तिसरं उदाहरण सावंतवाडीचं. राजवाड्यात कारागीर बसून गंजिफा रंगवतात आणि पाहुणे ते समोर उभं राहून बघतात. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. एकेक पान हाताने रंगवताना ज्याने बघितलं, तो किंमत ऐकून दचकत नाही.

तिन्हींत सामाईक काय? तिथली वस्तू त्याच मातीची आहे, किंवा ती तिथे का आहे याची गोष्ट आहे. मुंबईच्या गॅलरीची नक्कल केलीत तर तुम्ही कायम हलकी प्रतच राहाल. तुमच्या नदीचं, तुमच्या बाजाराचं, तुमच्या जत्रेचं चित्र मात्र दुसरीकडे मिळणार नाही.

पायरी १ : तारीख आधी, चित्रं नंतर

बहुतेक जण चित्रं तयार झाली की तारीख शोधतात. उलटं करा.

कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर विसरा. पाऊस हे एक कारण. दुसरं म्हणजे दमट भिंतीला लावलेल्या कागदावरच्या चित्राला बुरशी धरते. गणपतीत चाकरमानी गावी येतात खरे, पण त्यांचे दिवस आरतीत आणि पाहुण्यांतच जातात. दिवाळीची सुट्टी, शिमगा, मे महिना हे दिवस चांगले. लोक निवांत असतात आणि परत जाताना गावाची काहीतरी आठवण न्यायची असते. देशावर असाल तर गावची यात्रा आणि उसाचं बिल कधी येतं ते बघा. शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात प्रदर्शन ठेवू नका, नाहीतर घरंच्या घरं बाहेर पडत नाहीत.

पायरी २ : दालनाचा खर्च कागदावर

आता मुख्य मुद्दा. समजा चार चित्रकार आहेत, प्रत्येकाची सहा चित्रं, म्हणजे एकूण २४. प्रदर्शन दहा दिवसांचं. लावायला एक दिवस आणि काढायला एक, म्हणून जागा बारा दिवस अडकली.

- जागेचं भाडं (महिना ९,००० धरून १२ दिवसांचं) : ३,६०० रुपये
- वीज : १,२०० रुपये
- एक मदतनीस (रोज ५०० प्रमाणे) : ६,००० रुपये
- निमंत्रणं, पाट्या, एक फ्लेक्स : ३,५०० रुपये
- उद्घाटनाचा चहा-वडा : २,४०० रुपये
- वाहतूक, पॅकिंग : १,३०० रुपये

एकूण : १८,००० रुपये.

जागा स्वतःची असली तरी भाडं लिहायचंच. ती जागा दुसऱ्याला दिली असती तर पैसे आलेच असते की नाही?

कमिशन ३० टक्के ठरलं असेल, तर १८,००० भरून निघायला ६०,००० रुपयांची विक्री व्हायला हवी. चित्राची सरासरी किंमत ५,२०० धरली तर १२ चित्रं. म्हणजे २४ पैकी निम्मी! आणि हे फक्त खर्च निघायला, तुमच्या हाती अजून एक रुपया नाही. तालुक्याच्या गावात पहिल्याच वेळी निम्मी चित्रं जाणं अवघड आहे. म्हणूनच बरीच दालनं मोठ्या हौसेने उघडतात, दोन प्रदर्शनं भरवतात आणि मग तिथे साड्यांचा सेल लागतो.

पायरी ३ : सगळा भार चित्रांवर टाकू नका

उपाय काय? उत्पन्नाच्या तीन छोट्या वाटा तयार करा.

पहिली वाट, रविवारची कार्यशाळा. २० मुलं, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ६,०००. त्यातून साहित्याचे १,५०० आणि शिकवणाऱ्या चित्रकाराचं मानधन १,५०० गेलं की ३,००० उरतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, त्यांच्या चित्रकलेच्या सरांना आधी भेटा. मुलांसोबत आई-वडील येतात हा वेगळा फायदा.

दुसरी वाट, पोस्टकार्डं. ज्याला ५,२०० परवडत नाहीत त्यालाही काहीतरी घ्यायचं असतं. ३० रुपयांच्या कार्डात छपाई ८, चित्रकाराचे १०, दालनाचे १२. दोनशे कार्डं गेली तर दालनाला २,४०० मिळाले.

तिसरी वाट, प्रायोजक. गावातला सराफ, पतसंस्था, रंगांचा दुकानदार. निमंत्रणावर नाव छापायचे ३,००० रुपये. उद्घाटनाला स्टेजवर बोलवा, पण कुठलं चित्र लागेल हे त्यांना ठरवू देऊ नका.

तिन्ही मिळून ८,४०० रुपये. आता भरून काढायचे उरले ९,६००. त्यासाठी विक्री लागते ३२,००० ची, म्हणजे सात चित्रं. बारावरून सातवर आलो. सात जणांच्या घरी जाऊन निमंत्रण देता येतं, हा फरक लक्षात घ्या.

पायरी ४ : चित्रकाराने किंमत कशी काढायची

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. एका मध्यम आकाराच्या चित्राचा हिशोब धरू. कॅनव्हास ४००, रंग ३५०, फ्रेम ९००, ने-आण १५०. झाले १,८००. वेळ १२ तास, तासाला १५० प्रमाणे आणखी १,८००. एकूण ३,६०० रुपये.

आता बरेच जण ३,६०० वर ३० टक्के चढवतात आणि किंमत लावतात ४,६८०. चूक! कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं. ४,६८० मधून ३० टक्के गेले की हातात ३,२७६ पडतात. चित्र विकलं गेलं आणि ३२४ रुपये खिशातून गेले.

बरोबर पद्धत अशी : ३,६०० ला ०.७० ने भागा. येतात साधारण ५,१४३. किंमत लावा ५,२००. कमिशन जाऊन हातात ३,६४० येतात.

"माझ्या वेळेचे पैसे कसे लावू, मी तर आवडीने काढतो," असं म्हणू नका. सुतारालाही त्याचं काम आवडतं, तरी मजुरी आपण देतोच. वेळ फुकट धरलात की पाहुणे म्हणणारच, "एक आम्हालापण दे की!" प्रदर्शनात चित्रावर किंमत छापलेली असली, की हाच प्रश्न निम्म्या वेळा विचारलाच जात नाही.

पायरी ५ : एका पानाचा करार

गावात सगळे ओळखीचे असतात, त्यामुळे लिहून घ्यायला संकोच वाटतो. पण ओळख टिकवायची असेल तर लिहाच. एवढे मुद्दे पुरतात :

- कोणती चित्रं, आकार, माध्यम, किंमत, आणि आणताना चित्र कोणत्या स्थितीत होतं (मोबाइलवर फोटो काढून ठेवा).
- कमिशन किती टक्के, आणि ते फ्रेमच्या खर्चासकट की तो वजा करून.
- सूट द्यायची तर कमाल किती आणि कुणाच्या वाट्यातून.
- चित्र फाटलं, भिजलं, हरवलं तर भरपाई कोण देणार.
- चित्रकाराचे पैसे किती दिवसांत मिळणार.
- प्रदर्शनात भेटलेल्या गिऱ्हाइकाने नंतर घरी जाऊन चित्र घेतलं तर काय.

शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. दालनात ५,२०० आणि चित्रकाराच्या घरी ३,६००, असं एकदा झालं की गिऱ्हाईक दालनात फक्त निवडायला येतं. म्हणून किंमत दोन्हीकडे एकच ठेवा. तीन महिन्यांपर्यंत अशा विक्रीवर कमिशन लागू, असं लिहून टाका. बदल्यात दालनानेही चित्रकाराला सांगायचं, चित्र कुणी घेतलं आणि कुठल्या गावी गेलं. आपलं चित्र कुठल्या भिंतीवर आहे हे कळणं हा त्याचा हक्क आहे असंच मी मानतो.

आणि पैशाचं काय? आलेल्या रकमेतला ७० टक्के वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. तो तुमच्या गल्ल्यात पडला की तुमचाच वाटायला लागतो, वीजबिल आलं की त्यातूनच भरला जातो. पंधरा दिवसांत पैसे देतो म्हणालात तर चौदाव्या दिवशी द्या. एका चित्रकाराचे पैसे अडकले, तर एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत बातमी जायला एक दिवस पुरतो. त्यानंतर कितीही चांगले दिवे लावा, दालनात चित्र आणून द्यायला कुणी येणार नाही.

दोन कायदेशीर गोष्टी थोडक्यात. चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी दिल्याशिवाय साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, म्हणून पोस्टकार्डासाठी लेखी परवानगी घ्या. दुसरं, जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख उलाढाल आहे. कमिशन ही सेवा धरली जाते. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते सीएला एकदा विचारून घ्या.

पायरी ६ : चित्र लावणं आणि गिऱ्हाईक सांभाळणं

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवा. वर छताजवळ लावलेलं चित्र लोक देवाच्या तसबिरीसारखं बघतात आणि पुढे जातात. दिवा वरून तिरका, साधारण ३० अंशांत सोडा, म्हणजे काचेवर चकाकी येत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा, भिंतीची ओल थेट लागत नाही.

प्रत्येक चित्राखाली पाटी हवी : नाव, चित्रकार, माध्यम, आकार, वर्ष, किंमत. खाली दोन ओळी मराठीत, हे कुठलं ठिकाण आहे, का काढलं. किंमत लपवू नका. लहान गावात माणूस किंमत विचारायला लाजतो. "विचारलं आणि परवडलं नाही तर?" या भीतीने न विचारताच निघून जातो.

चित्र विकलं गेलं की लाल ठिपका लावा, पण प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहू द्या. पहिला ठिपका म्हणजे बोहनी. तो बघून दुसऱ्याला धीर येतो. खोटा ठिपका मात्र कधीही लावू नका, गावात कुणी काय घेतलं हे सगळ्यांना माहीत असतं.

दारात वही ठेवा. नाव, गाव, फोन, आणि "कोणतं चित्र आवडलं?" एवढाच प्रश्न. मदतनिसाला सांगा, कुठल्या चित्रापुढे लोक जास्त थांबले त्याची रोज नोंद कर. दहा दिवसांनी ही वही तुमचं खरं भांडवल असते. पुढच्या निमंत्रणाची यादी तीच.

एक सावधगिरी. गणपती आणि निसर्गदृश्यं जास्त खपतात असं वहीत दिसेल. मग चारही चित्रकारांना तेच काढायला सांगायचा मोह होतो. थांबा. एक भिंत तरी अशा चित्रांना द्या जी लगेच विकली जाणार नाहीत, पण ज्यांच्याबद्दल लोक घरी जाऊन बोलतील. कॅलेंडरसारखीच चित्रं हवी असतील, तर कॅलेंडर दुकानात फुकट मिळतं.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या जागेचा बारा दिवसांचा खर्च वरच्या यादीप्रमाणे काढा.
२. त्याला तुमच्या कमिशनने भागा. किती विक्री लागते ते लिहा.
३. चित्रकार असाल तर तुमच्या शेवटच्या तीन चित्रांची किंमत भागाकाराच्या पद्धतीने पुन्हा काढा.
४. ज्यांना स्वतः जाऊन निमंत्रण द्याल अशी वीस नावं लिहा. त्यातली निम्मी तरी नातेवाईक नसावीत!

आकडा मनाजोगता आला नाही तर घाबरू नका, प्रदर्शन रद्दही करू नका. दहाऐवजी पाच दिवस ठेवा, चारऐवजी दोन चित्रकार घ्या आणि पुन्हा हिशोब मांडा. तुमच्या गावात कुणाच्या तरी पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली चित्रं पडून आहेत. ती भिंतीवर यावीत, आणि त्या माणसाला पुढचा कॅनव्हास आणायला पैसे मिळावेत, एवढ्यासाठी ही आकडेमोड.

तुमचा हिशोब कमेंटमध्ये टाका, अडलं तर विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत.