दाढ, पॉलिसी आणि पूर्वमंजुरी

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत बॅकलॉग सगळ्यांनाच येतो असे नाही, पण अक्कलदाढ साधारण याच वयात येते. ती वाकडी आली की गाल सुजतो, मेसमध्ये वरणात पोळी कुस्करून खावी लागते, आणि मग प्रश्न पडतो की वडिलांनी काढलेल्या मेडिक्लेममधून याचे पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः दवाखान्यात भरती होण्यासाठी असतो. रूट कॅनॉल, कॅप ही कामे खुर्चीवर होतात आणि पेशंट पायी रूमवर येतो. पॉलिसीत ओपीडीचा वेगळा भाग असेल तरच त्याचा खर्च निघतो. अमेरिकेत दातांचा विमाच वेगळा असतो आणि मोठ्या कामाआधी डेंटिस्ट अंदाजपत्रक कंपनीकडे पाठवतो. एम.एस.ला जाणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

अपघाताचे मात्र वेगळे आहे. अपघातात इजा होऊन भरती व्हावे लागले, तर पुष्कळ पॉलिसी दातांचा खर्च मान्य करतात. 2020 साली सर्व कंपन्यांसाठी आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत तर आजार किंवा इजेमुळे लागणारे दातांचे उपचारही धरले आहेत, अट भरतीची.

आमच्या विंगमधला एक जण खामगाव रोडवर गाडीवरून पडला. खालचा जबडा फ्रॅक्चर, समोरचे दोन दात गेले. दवाखान्याच्या काउंटरवर सांगितले, "दातांचं पॉलिसीत बसत नाही, डिपॉझिट भरा." त्याचे वडील मेहकरकडचे शेतकरी. ते म्हणाले, "घरातलं सोयाबीन इकून टाकतो, भावाचं काय पाहायचं आता!" आम्ही तिघांनी पॉलिसीचे बारीक अक्षर वाचून काढले. अपघाताचे कलम सापडले. मग डॉक्टरांना विनंती करून अंदाजपत्रकाचे दोन भाग करून घेतले: जबड्याची शस्त्रक्रिया वेगळी, पुढे बसवायचे दात वेगळे. कंपनीने एक्स-रे आणि अपघाताची नोंद मागवली, ती दिली आणि शस्त्रक्रियेची मंजुरी आली. कृत्रिम दात त्याच्या पॉलिसीत वगळलेले होते, ते पैसे घरूनच गेले. पण सोयाबीन वाचले राव!

आता पद्धत पाहू. कॅशलेससाठी अर्ज दवाखानाच कंपनीकडे किंवा तिच्या टीपीएकडे पाठवतो. त्यात निदान, उपचाराचा बेत आणि खर्चाचा अंदाज असतो. नुसते "दातांचे उपचार" असे मोघम लिहिले की घोळ होतो. काय मोडले, कशाने मोडले, भरती का हवी, हे आलेच पाहिजे. आरोग्य संजीवनीत ठरवून होणाऱ्या भरतीची सूचना किमान 48 तास आधी द्यावी लागते, आणि तातडीची असेल तर 24 तासांत किंवा सुट्टी होण्याआधी, जे आधी असेल ते. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे. म्हणून काउंटरवर "दोन दिवस लागतील" म्हटले तर अर्ज खरेच गेला का, हे आधी विचारा.

आणखी एक गोष्ट पोरांना माहीतच नसते. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नव्हे. स्वतः पैसे भरून, सगळी मूळ बिले जपून, नंतर परतावा मागता येतो. तोही नाकारला आणि कंपनीकडे तक्रार करून उपयोग झाला नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही.

ज्यांच्या घरी पॉलिसीच नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये ती 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचा अमरावती होता, आपला बुलढाणा नव्हता; आपल्याकडे ती 2013 च्या पुढच्या टप्प्यात आली. आता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथेही उपचाराआधी मंजुरी लागतेच, पण योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचे आणि आपला उपचार यादीत आहे का ते विचारायचे. हॉस्टेलवाल्यांची खरी अडचण ही की रेशन कार्ड गावाकडे कपाटात असते. दिवाळीत घरी जाल तेव्हा त्याचा आणि पॉलिसीचा फोटो मोबाईलमध्ये काढून आणा.